एकही एरर आली नाही

मॅडम,

तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाशी भांडू नये असं तुमच्याकडे मानतात, आमच्या पाड्यावरही मानतात. पण तुम्ही होतात तेव्हा मी भांडले नाही. तेव्हा "हो मॅडम" आणि "चालेल मॅडम" याच्या पुढे माझी जीभ गेली नाही, म्हणून ते भांडण अजून तसंच पडून आहे. आता ऐकून घ्या. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडायची तुमची सवय होती, ती या वेळी चालणार नाही, तेवढाच काय तो मला फायदा. निमित्त अगदी फालतू आहे. परवा ऑफिसात शेजारच्या टेबलावरची बाई माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अगं, हे डावीकडे झाडासारखं काय आहे? कोड असा फांद्या-फांद्यांत कोण लिहितं?" मी म्हटलं, जुनी सवय आहे. "कुणी शिकवलं?" मी म्हटलं, कुणी नाही, असंच. आणि मग दिवसभर माझं डोकं फिरलेलं. खोटं बोलले म्हणून नाही. तिला खरं सांगायचं तर तुमचं कौतुक करावं लागलं असतं, आणि ते माझ्या तोंडून निघेना म्हणून.

२०१४ साल. डहाणूच्या कॉलेजातून बीएस्सी होऊन मी तुमच्याकडे येते. घोलवडला तुमच्या सासऱ्यांची चिकूची वाडी, वाडीत पॅकिंगची शेड, आणि शेडवरच्या पत्र्याच्या खोलीत तुमचं ऑफिस. खाली बायका चिकू निवडून पेट्या भरतात, वर आम्ही तिघं-चौघं कॉम्प्युटरसमोर. तुमचे सासरे त्या खोलीला "सुनेचा टाइमपास" म्हणायचे आणि तुम्ही ते हसून घ्यायचात. मी आणि आई तलासरीहून एकाच शेअर जीपने यायचो. आई अलीकडच्या नर्सरीत उतरायची, पावसाळ्यात कलमं बांधायला आणि एरवी पॅकिंगला, आणि मी पुढे तुमच्याकडे. पहिल्याच दिवशी तुम्ही मला एक छोटा प्रोग्राम लिहायला दिलात. मी हुशारी दाखवायला धडाधड टाइप करत सुटले, तर तुम्ही मागून येऊन माझ्या हाताखालून कीबोर्डच ओढून घेतलात. "अगं ए, काय चाललंय हे? काय करायचंय ते कळलं का तुला? नाही ना? मग बोटं कसली चालवतेस? आधी झाड काढ." सगळ्यांसमोर! माझे कान लाल झाले. मनात म्हटलं, कसली खवट बाई आहे.

पण मग तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि ते सॉफ्टवेअर उघडलंत. डावीकडे मथळ्यांचं झाड, उजवीकडे त्या त्या मथळ्याच्या पोटातला मजकूर. सगळ्यात वर लिहायचं, काम कशासाठी आहे. त्याखाली फांद्या. फांदीच्या पोटात वाटलं तर कोड, वाटलं तर टिपणं, कुणी काय सांगितलं, कुठे अडलं, सगळं. नको असेल तेव्हा फांदी मिटवायची, हवी तेव्हा उघडायची, उचलून दुसरीकडे ठेवली की पोटातल्या कोडसकट सगळं तिच्याबरोबर जातं. आणि प्रत्येक झाडाला शेवटची एक फांदी असलीच पाहिजे, "माहीत नाही" नावाची. "जे कळलं नाही ते तिच्यात टाकायचं. ती फांदी रिकामी दिसली ना, की मी समजते, पोरगी थापा मारतेय." हे तुम्ही म्हणालात आणि मी हसले. मला कॉलेजात तीन वर्षांत कुणी "माहीत नाही" म्हणायला परवानगी दिली नव्हती. मी तिथंच तुमची झाले, मॅडम. खवट बाई वगैरे सगळं विसरले.

कलम तुम्ही मला आठवड्याभरानं शिकवलंत. सॉफ्टवेअरमध्ये त्याला काय म्हणतात ते सोडा, आपल्या ऑफिसात ते कलमच होतं. एकच फांदी झाडात दोन ठिकाणी दिसते, शेजारी लाल बाणाची खूण. इथे बदला, तिथेही बदलतं. नक्कल नाही, तीच फांदी. मी विचारलं, "मग यातली मूळ कुठली?" तुम्ही म्हणालात, "कुठलीच नाही. दोन्ही खऱ्या. एक काढली तरी दुसरी जगते." आणि यावरूनच तुम्ही ऑफिसचा तो नियम काढला होतात, जो मी नंतर कुठल्याही कंपनीत पाहिला नाही. झाडाच्या शेवटी एक मोठा मथळा, "कुणी काय केलं", आणि त्याखाली आपापल्या नावाची फांदी. ज्यानं जे लिहिलं त्याचं एक कलम त्याच्या फांदीवर बांधायचं. काही बिघडलं की कुणाला विचारायचं ते लगेच कळतं. तुम्ही माझी फांदी माझ्यासमोर तयार केलीत, माझं नाव टाइप केलंत, आडनावासकट. माझं आडनाव ऐकलं की इथल्या लोकांना पाडा कळतो, जात कळते, आणि मग बोलण्याचा सूर बदलतो. तुम्ही ते नीट, एकही अक्षर न चुकता लिहिलंत आणि म्हणालात, "हं, भर आता."

आणि तो कप. तुमच्या स्वयंपाकघरात माझ्यासाठी पिवळ्या फुलांचा कप वेगळा होता, खिडकीत पालथा घातलेला. तुमच्या सासूबाईंचं काम. मी त्यातच चहा प्यायचे आणि विसळून तो परत तिथंच पालथा घालायचे. एकदा हिवाळ्यात तुम्ही मडक्यात कंद आणि शेंगा शिजवून उकडहंडी केली होती आणि मला खाली बोलावलंत. सासूबाई ओट्याशी उभ्या. तुम्ही खिडकीतला तो कप घेतलात, त्यात स्वतःसाठी चहा ओतलात आणि त्यांच्याकडे बघत, फुर्र फुर्र करत प्यायलात. मला दिलात तुमचा स्टीलचा पेला. सासूबाई उठून देवघरात गेल्या. तुम्ही मला डोळा मारलात! त्या दिवशी तुम्ही सांगितलं असतंत तर मी विहिरीत उडी मारली असती. हे मी मुद्दाम लिहितेय. तुम्ही सरसकट वाईट असतात तर मी केव्हाच मोकळी झाले असते. तशा सरसकट वाईट बायका तालुक्यात हजार आहेत, त्यांच्यावर मी कशाला कागद खर्च करू?

तीन वर्षं मी ती फांदी भरली. चिकूचा धंदा असा की झाडावरून उतरवला की तो थांबत नाही. दिल्लीला जाणारी पेटी आणि सुरतेला जाणारी पेटी एकाच दिवशी भरली तरी आतला माल वेगळा लागतो, नाहीतर तिकडे पोचेपर्यंत लगदा. कुठला माल किती दिवसांत पिकेल आणि म्हणून कुठे पाठवायचा, हे ठरवणारा भाग मी लिहिला. खाली शेडमध्ये बायकांबरोबर बसून, पेट्या उघडून बघत, रात्री घरी आईला विचारत. सगळं टिपणांत घालायचे, तुमच्या पद्धतीनं, कुणी सांगितलं त्यासकट. "आई म्हणते, थंडीत तोडलेला माल दिसतो कडक पण एकदम मऊ होऊन बसतो." "आई म्हणते, धुतलेला चिकू ओला भरला तर पेटीच्या मधलं आधी जातं." तुम्ही ती टिपणं वाचून म्हणायचात, "तुझ्या आईला आपण पगारावर घेऊ या." गंमत करायचात. मला खरंच वाटायचं.

मग २०१७ मध्ये तो शेठ आला. सीमेपलीकडची, गुजरातेतली फळांची कंपनी, त्यांना आपला प्रोग्राम हवा होता आणि तो पिकण्याचा भाग लिहिणारा माणूसही हवा होता, त्यांच्या सगळ्या गोडाऊनचं काम बघायला. हे तुम्हीच मला आदल्या आठवड्यात सांगितलं होतंत, जिन्यात थांबवून. "तयारी कर. नीट कपडे घालून ये." मी घरी सांगितलं. आईनं पाड्यावर सांगितलं. मी नवीन ड्रेस शिवला, निळा. आमच्याकडे तोवर ऑफिसातली नोकरी म्हणजे ग्रामपंचायतीतला शिपाई, आणि मी गोडाऊनचं काम बघणार होते. त्याच दिवसांत तुमचा पुतण्या मुंबईहून इंजिनिअरिंग संपवून आला होता आणि खोलीत पंख्याखाली मोबाईल बघत बसायचा. मला त्यात काही खटकलं नाही. घरचा मुलगा आहे, बसेना का.

शेठ येतात. तुम्ही प्रोजेक्टरनं भिंतीवर झाड दाखवता. मी मागे उभी आहे, निळ्या ड्रेसमध्ये. एकेक फांदी उघडत तुम्ही शेवटी "कुणी काय केलं" उघडता. तुमचं नाव. पुतण्याचं नाव. बाकीच्या दोघांची नावं. मला वाटतं, माझी फांदी मिटलेली असेल, खाली असेल. मी मान लांब करून बघते. नाही. शेठ विचारतात, "आ पाकवानो हिसाब कोणे बनाव्यो?" म्हणजे हा पिकण्याचा हिशेब कुणी केला, आणि तुम्ही, मॅडम, माझ्याकडे न बघता म्हणता, "अमारा घरना छोकराए." घरच्या मुलानं! मग पुतण्या उठतो, त्याच्या नावाखालची फांदी उघडतो, आणि माझी टिपणं मोठ्यानं वाचायला लागतो. "आई म्हणते, थंडीत तोडलेला माल..." शेठ खूश. "वाह, तमारी बा तो बहु जाणे छे!" त्याची आई दादरला राहते. ती वाडीत आली की डास चावतात म्हणून गाडीतून उतरत नाही. पुतण्या हसतो, सगळे हसतात, तुम्हीही हसता. आणि मग मागे वळून मला म्हणता, "खाली चहाचं सांग गं जरा."

मी सांगितला चहा. माझे पाय आपोआप गेले, इतकी वर्षं तुमचं ऐकायची सवय. शेठ गेल्यावर मी तुम्हाला जिन्यात गाठलं. तोंडातून एवढंच निघालं, "मॅडम, माझी फांदी?" तुम्ही चिडलात. चोरी पकडल्यावर माणूस चिडतं तशा नाही, पोरीला साधी गोष्ट कळत नाही म्हणून चिडलात. मला वर नेलंत, खुर्चीत बसवलंत आणि म्हणालात, "चालव प्रोग्राम. चालव ना! बघ, एक तरी एरर येतेय का? कोड कुठे गेलाय? आहे तिथंच आहे. नुसतं एक कलम काढलंय मी." मी चालवला. एकही एरर आली नाही. झरझर सगळ्या पेट्या आपापल्या गाडीला लागल्या. मी त्या स्क्रीनकडे बघत राहिले आणि मला समजेना की रडू कशाचं येतंय, सगळं तर व्यवस्थित आहे. मग तुमचा आवाज खाली आला. सासरे खोली काढून घेणार होते, शेडचा माळा त्यांना पेट्या ठेवायला हवा होता. घरचा मुलगा या कामातून मार्गी लागला तर खोली राहील असं ठरलं होतं. "माझं सगळं आयुष्य या खोलीत आहे गं. तू हुशार आहेस. तुला कुठेही मिळेल." वा, मॅडम! तुमच्यासाठी एक खोली, माझ्यासाठी "कुठेही". हे "कुठेही" नेमकं कुठे असतं ते मी नंतर दोन वर्षं शोधत होते, बोईसरच्या एका कारखान्यात गेटपासची एंट्री करत.

त्या संध्याकाळी जीपमध्ये आईला सांगितलं. मला वाटलं ती शिव्या घालेल, उतरून तुमच्या दारात जाईल.  ती आमच्या बोलीत बोलली, ते मराठीत सांगते. "चिकूचं कलम रानातल्या रायणीच्या झाडाच्या खुंटावर बांधतो आम्ही. मग त्या रायणीला स्वतःचा फुटवा येतो खालून. तो खुडायचा असतो. मी रोज खुडते. रागानं नाही खुडत, कामच असतं ते." एवढं बोलून तिनं माझ्या ड्रेसवरचा धागा तोडला. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, मी नाही गेले. तुमचा फोन आला नाही.

आला तो दीड वर्षानं. आवाज ओळखू येईना, इतका बारीक झालेला. मालाच्या प्रतवारीचे नियम बदलले होते, शेठच्या कंपनीत प्रोग्राम दिल्लीचा माल सुरतेला आणि सुरतेचा दिल्लीला लावत होता, आणि पुतण्याला काही सुधरत नव्हतं. पिकण्याचा हिशेब झाडात जागोजागी पसरलेला, थोडा वजनात, थोडा गाड्यांत, थोडा हवामानात. ते सगळे तुकडे एकत्र दिसायचे अशी एकच जागा होती, माझी फांदी. त्याच्या नावाखाली तुम्ही त्यातले दाखवण्यापुरते दोन-चार लावले होते, बाकीचे कशाशी जोडलेत ते कुणालाच माहीत नव्हतं. प्रोग्रामला माझी गरज नव्हती हे तुमचं बरोबर होतं. माणसांना होती. "येतेस का गं?" तुम्ही म्हणालात.

आले मी. का आले? मला वाटलं, तुम्ही काहीतरी बोलाल. एक वाक्य. तुम्ही डोक्याला रुमाल बांधून आरामखुर्चीत होतात, औषधांनी केस गेलेले, हात काटकीसारखे. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटतंय याचा राग आला. मी दिवसभर बसून एकेक तुकडा शोधला, कलमं बांधली, माझी फांदी पुन्हा उभी केली, माझ्या नावानं, आडनावासकट. तुम्ही बाजूला बसून बघत होतात. काम झालं. मी थांबले. पर्स आवरायला मी जितका वेळ लावला तितका नवरीही लावत नाही. तुम्ही म्हणालात, "चहा घेऊन जा." आणि खालून चिकूची एक पेटी आणवलीत, कागदात गुंडाळलेले, एक नंबरचे. चिकू! मला! जिच्या आईच्या हातांना बारा महिने त्या चिकाचा वास येतो तिला! चहा आला तो पिवळ्या फुलांच्या कपात. तुम्ही बघितलंत. मी बघितलं की तुम्ही बघितलंत. या वेळी तो तुम्ही उचलला नाहीत. थकला होतात, असं मी आईला सांगितलं.

२०१९ मध्ये तुम्ही गेलात ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं, जुन्या स्टाफच्या ग्रुपवर, हात जोडलेल्या चिन्हांच्या रांगेत. बाराव्याला मी आले होते. पुतण्या दारात उभा होता, म्हणाला, "काकी तुझी फार आठवण काढायची." मी विचारलं, "काय म्हणायच्या?" तो गडबडला. "असंच. हुशार होती म्हणायची." वर खोलीत पेट्या रचल्या होत्या, छतापर्यंत. तुमचा तो कॉम्प्युटर कुठे गेला ते मी विचारलं नाही. ज्या खोलीसाठी माझी फांदी गेली ती खोली तुमच्यामागे बारा दिवसही टिकली नाही, मॅडम. याचं मला समाधान वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तेही तुम्ही मला दिलं नाहीत.

आता माझं बरं चाललंय. चांगली कंपनी आहे, पगार आहे, आईनं काम सोडलंय, निदान सोडलं असं ती मला सांगते. माझ्या हाताखाली माणसं आहेत आणि त्यांच्या नावांच्या बाबतीत मी फार कडक आहे, ते मागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. कोडसाठी, टिपणांसाठी, किराण्याच्या यादीसाठीसुद्धा मी तेच सॉफ्टवेअर वापरते. दुसरं मला येतच नाही. काम कशासाठी आहे ते वर, मग फांद्या, शेवटी "माहीत नाही". हे पत्रही मी त्याच झाडात लिहिलंय, नाहीतर रागाच्या भरात मी एका जागी राहिले नसते.

पाठवणार कुठे म्हणा. पण एक सांगून टाकते, मग मिटवते. माझ्या झाडातही "कुणी काय केलं" आहे, आणि त्यात तुमच्या नावाची फांदी आहे. जे जे तुमच्याकडून शिकले त्याचं कलम तिच्यावर बांधलंय, आणि ती फांदी बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोठी झाली आहे. किती वेळा तिच्यावर जाऊन उभी राहिले, काढायचीच म्हणून. काढली तर काहीही बिघडणार नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. एकही एरर येणार नाही. तरी मला ते जमलं नाही, मॅडम. आजही नाही जमलं.